पाणी कोठे मुरते?

पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात जळलेल्या इंधनाच्या उष्णतेपैकी जेमतेम पाव ते एक तृतीयांश हिस्सा गाडी ओढण्याच्या कामी येतो, जवळपास तेवढाच धुराबरोबर सायलेन्सरवाटे निघून जातो आणि उरलेल्यातला बराचसा भाग सिलिंडरच्या भिंतींमधून काढून घेऊन हवेत सोडावा लागतो. हे काम करणाऱ्या द्रवाला कूलंट म्हणतात. लहान मोटारीत तो साधारण तीन ते पाच लिटर असतो आणि पंपाच्या जोरावर ब्लॉक, हेड, होज पाइप व रेडिएटर अशा बंदिस्त वाटेने इंजिन चालू असेपर्यंत फिरत राहतो. वाट बंदिस्त असल्यामुळे धडधाकट गाडीत महिनोन्‌महिने थेंबभरही भर घालावी लागत नाही. ज्या गाडीत दर आठवड्याला लिटरभर पाणी ओतावे लागते ती ‘पाणी खाते’ असे म्हणून विषय मिटवण्याची रीत असली, तरी ते पाणी कोठून तरी बाहेर पडत असते किंवा इंजिनाच्या पोटातच भलत्या ठिकाणी शिरत असते. ती जागा हुडकणे हे निदान होय; आणि या शोधाची सुरुवात डोळ्यांना दिसणाऱ्या, स्वस्तात दुरुस्त होणाऱ्या जागांपासून करून इंजिनाचे हेड सर्वांत शेवटी उघडावे, हा क्रम पाळला तर बहुतेक जुन्या गाड्यांत हेडपर्यंत जाण्याची वेळच येत नाही.

पाणी ओतत राहण्याची ही सवय कोल्हापूर परिसरात इतकी मुरलेली का, याचा विचार करताना या भागाचा आणि इंजिनाचा जुना संबंध लक्षात घ्यावा लागतो. शिवाजी उद्यमनगरातील कारखाने, पुढे शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले येथे वाढलेल्या औद्योगिक वसाहती आणि त्यांतील बिडाच्या फाउंड्र्या यांच्यामुळे इंजिनाचे सुटे भाग ओतणे व घडवणे हा येथला रोजचा उद्योग आहे. त्याचबरोबर नदीकाठच्या आणि विहिरीवरच्या ऊसशेतीने एकेकाळी ऑइल इंजिन घरोघरी नेले. पंपाला जोडलेल्या अशा इंजिनात उपसलेल्या पाण्याचाच एक फाटा ब्लॉकच्या पोटातून फिरवून परत पाटात सोडून देत. पाणी सतत नवे येई आणि सतत वाहून जाई, त्यामुळे ते किती गेले याचा हिशेब ठेवण्याचे कारणच नव्हते. ज्यांचा हात अशा इंजिनांवर बसला त्यांनी मोटारीकडेही त्याच नजरेने पाहिले असेल तर नवल नाही. मोटारीचे गणित मात्र वेगळे आहे, कारण तिच्यात पाणी मोजके असते, ते दाबाखाली असते आणि पुन्हापुन्हा तेच वापरले जाते.

दाबाचे कारण उकळबिंदूत आहे. समुद्रसपाटीवर पाणी १०० अंश सेल्सियसला उकळते. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंच असल्याने येथे ते ९८ अंशांच्या आसपासच उकळू लागते. इंजिनाला मात्र ८५ ते ९५ अंशांच्या दरम्यान राहणे मानवते आणि घाटात ते त्याहूनही वर जाते, म्हणजे उघड्या भांड्यात ठेवले तर कूलंट सतत उकळीच्या उंबरठ्यावर राहील. यावर उपाय म्हणून रेडिएटरच्या तोंडावर स्प्रिंगचे झाकण बसवतात, आणि प्रेशर कुकरच्या शिट्टीप्रमाणे ते ठरावीक दाब होईपर्यंत वाफ अडवून धरते. झाकणावर ०.९ असा आकडा असेल तर आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा दर चौरस सेंटिमीटरला ०.९ किलोग्रॅमने वाढेपर्यंत ते उघडत नाही, असा त्याचा अर्थ होतो, आणि एवढ्या दाबाखाली साध्या पाण्याचा उकळबिंदूही कोल्हापुरात ११७ अंशांच्या घरात जातो. तापलेल्या गाडीचे झाकण उघडण्यातला धोकाही यातच आहे. दाब एकाएकी सुटला की ११७ अंशांचे पाणी ९८ अंशांवर येऊ पाहते, मधली उष्णता त्यातल्या थोड्या पाण्याची वाफ करण्यात खर्च होते, आणि रेडिएटरमध्ये चार लिटर पाणी असेल तर ही ‘थोडी’ वाफ दोनशे लिटरांहून अधिक जागा मागते. तोंडावर आणि हातांवर भाजल्याचे अपघात घडतात ते यामुळेच. वरचा होज पाइप हाताला कोमट लागेपर्यंत झाकणाला हात लावू नये.

याच झाकणात आणखी एक, बारीकसा व्हॉल्व्ह असतो आणि तो उलट दिशेने काम करतो. चार लिटर पाणी २० अंशांवरून ९० अंशांपर्यंत तापले तर ते सुमारे १३० ते १४० मिलिलिटरने फुगते, ग्लायकॉल मिसळलेले कूलंट त्याहून थोडे अधिक. ही वाढ झाकणातून बाहेर पडून शेजारच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत जाते आणि गाडी थंड झाली की आतल्या पोकळीच्या ओढीने तेवढाच द्रव या बारीक व्हॉल्व्हमधून परत येतो. बाटलीवरच्या वरच्या आणि खालच्या खुणांमधले अंतर या फुगण्या-आकसण्यासाठीच ठेवलेले असते. म्हणून पातळी पाहायची ती सकाळी, गाडी सुरू करण्यापूर्वी, आणि सपाट जागेवर. ज्या फार जुन्या गाड्यांना अशी बाटलीच नव्हती, नुसती एक नळी रस्त्याकडे सोडलेली असे, त्यांत रेडिएटर काठोकाठ भरला तर पहिल्याच फेरीत पेलाभर पाणी सांडते आणि मग पातळी आपोआप स्थिरावते. ही गळती नव्हे, पण रोज सकाळी काठोकाठ भरणाऱ्या मालकाला ती जन्मभर गळतीच वाटत राहते.

झाकणाचा दोष ओळखायला सोपा असूनही सर्वांत जास्त दुर्लक्षित राहतो. बाटली वरच्या खुणेपर्यंत भरलेली, पण थंड गाडीचे झाकण काढून पाहिले तर रेडिएटर चार बोटे रिकामा, असे आढळले तर द्रव बाहेर गेला पण परत आला नाही हे उघड होते. दोष परतीच्या व्हॉल्व्हचा, तोंडाच्या कडेवर बसणाऱ्या रबराचा किंवा बाटलीकडे जाणाऱ्या चिरलेल्या नळीचा. कधी गाडी थंड होताना होज पाइप आत ओढला जाऊन चपटा झालेला दिसतो. ती परतीचा व्हॉल्व्ह अडकल्याची खूण असते. उलट झाकणाची स्प्रिंग नरम पडली असेल तर दाब धरला जात नाही, उकळी लवकर फुटते आणि कोठेही भोक नसताना पाणी जाते. काही शे रुपयांचे, गाडीसाठी ठरवलेल्या दाबाचेच नवे झाकण बसवून पाहणे ही जुन्या गाडीतली पहिली चाचणी मानावी. जास्त दाबाचे झाकण लावून गाडी अधिक थंड ठेवण्याचा प्रयत्न मात्र अंगाशी येतो, कारण वीस-पंचवीस वर्षांच्या रेडिएटरचा आणि पाइपांचा सर्वांत कच्चा सांधा मग तो दाब सोसत नाही.

झाकण निर्दोष ठरले की गळती शोधायची. गरम धातूवर पडलेला थेंब जमिनीवर पोहोचण्याआधीच सुकतो, म्हणून खाली डबके नाही याचा अर्थ गळती नाही असा होत नाही. सेकंदाला एक थेंब या वेगाने तासाभरात सुमारे पावणेदोनशे मिलिलिटर द्रव जाऊ शकतो आणि तरीही फरशी कोरडी राहू शकते. शोधायचे असतात ते डाग: कूलंट सुकल्यावर मागे राहणारा हिरवट, गुलाबी किंवा पांढरट खरबरीत थर, आणि साध्या पाण्यावर चालवलेल्या गाडीत तांबूस गंजाचा ओघळ. क्लिपजवळ फुगलेले किंवा दाबल्यावर कुरकुरणारे होज पाइप, रेडिएटरच्या प्लॅस्टिकच्या टाक्या जेथे अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याने मुडपून घट्ट केलेल्या असतात ती कड, आणि पाण्याचा पंप या तीन ठिकाणी बॅटरीच्या उजेडात आणि लहान आरशाच्या मदतीने नीट पाहिले तर अर्धे काम होते. क्लिपची गळती पुष्कळदा उलटी वागते: थंडीत रबर आणि धातू आकसल्यामुळे ती पहाटे ठिबकते आणि इंजिन तापले की थांबते, म्हणून दुपारी गॅरेजमध्ये नेलेल्या गाडीत ती सापडत नाही.

पंपाच्या बाबतीत एक गोष्ट जाणून घेण्यासारखी आहे. पंपाच्या दांड्यावर कार्बन आणि सिरॅमिकच्या दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर घासत फिरतात आणि पाणी बेअरिंगकडे जाऊ देत नाहीत. त्या झिजल्या की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता बाहेर पडावे म्हणून पंपाच्या पोटाला मुद्दाम एक छिद्र ठेवलेले असते. या छिद्रातून ओघळ आला म्हणजे छिद्र बुजवायचे नसते, पंप बदलायचा असतो. एम-सीलने ते बुजवलेले पंप जुन्या गाड्यांत आजही सापडतात, आणि अशा पंपाचे बेअरिंग मग पाण्याने सडून एखाद्या दिवशी पंख्यासकट डुगडुगू लागते. पट्टा गरजेपेक्षा जास्त ताणल्यानेही हेच बेअरिंग जाते. ज्या इंजिनांत पंप टायमिंग बेल्टच्या मागे असतो तेथे बेल्ट आणि पंप एकाच वेळी बदलावेत, कारण मजुरी दोन्हींची मिळून एकदाच पडते आणि कूलंटने भिजलेला बेल्ट फार काळ भरवशाचा राहत नाही.

गाडीच्या आत, डाव्या बाजूच्या प्रवाशाच्या पायाखालचा गालिचा ओला असेल तर दोन शक्यता राहतात. हीटर असलेल्या गाड्यांत डॅशबोर्डमागे एक छोटा रेडिएटर असतो आणि तो फुटला की काचेवर चिकट धुके धरते व गोडसर वास येतो. कोल्हापुरात हीटर क्वचितच लावला जात असल्याने त्याची नळी वर्षानुवर्षे हललेली नसते, आणि हीटर बंद असला तरी अनेक गाड्यांत कूलंट त्यातून फिरतच असते. दुसरी शक्यता एसीच्या निथळणाऱ्या पाण्याची; त्याचा मार्ग तुंबला की तेही आत येते. दोन्हींतला फरक बोटांना कळतो: एसीचे पाणी निव्वळ पाण्यासारखे, तर कूलंट बोटांमध्ये बुळबुळीत लागते. चव मात्र कधीही पाहू नये. कूलंटमधील एथिलीन ग्लायकॉल गोड लागते पण ते विषारी असून मूत्रपिंडे निकामी करते. गाडीखाली साचलेला द्रव चाटून कुत्री-मांजरे दगावतात ती याच गोडीमुळे.

डोळ्यांनी काही सापडले नाही तर दाबाची चाचणी करतात. रेडिएटरच्या तोंडावर मापक लावलेला हातपंप बसवून, इंजिन थंड असताना, झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकी हवा भरायची आणि दहा-पंधरा मिनिटे काटा पाहत थांबायचे. काटा खाली येऊ लागला आणि बाहेर कोठेतरी ओल दिसली तर शोध तेथेच संपतो. काटा खाली आला पण बाहेर सगळे कोरडे असेल तर पाणी इंजिनाच्या पोटात जात असल्याचा संशय बळावतो. चांगल्या गॅरेजमध्ये हे साधन असते आणि चाचणीला अर्धा तासही लागत नाही, तरीही ती न करता थेट हेड उघडण्याचा सल्ला दिला जातो. अशा वेळी आधी दाबाची चाचणी करून दाखवण्याचा आग्रह मालकाने धरण्यात काहीही वावगे नाही.

बाहेरची एक गळती अशी आहे की ती समजण्यासाठी ब्लॉक ओतला कसा जातो हे ठाऊक असावे लागते, आणि शिरोलीच्या फाउंड्रीत काम केलेल्या माणसाला ती चटकन कळते. सिलिंडरभोवती पाणी फिरण्यासाठी ब्लॉकच्या भिंतींच्या आत पोकळी हवी असते. ती करण्यासाठी वाळूचा, चिकट द्रव्याने घट्ट केलेला गाभा, म्हणजे कोअर, साच्यात अधांतरी धरून त्याच्याभोवती वितळलेले बीड ओततात. हा कोअर साच्यात हलू नये म्हणून त्याला बाहेरच्या भिंतींपर्यंत पोहोचणारे आधार द्यावे लागतात आणि बीड थंड झाल्यावर आतली वाळू झाडून काढायलाही वाटा लागतात; म्हणून तयार ब्लॉकच्या कुशीला काही गोल भोके राहतात. यंत्रावर ती नेमक्या मापाची करून त्यांत पत्र्याची वाटीसारखी बुचे दाबून बसवतात. ही बुचे म्हणजे ब्लॉकच्या भिंतीतला सर्वांत पातळ भाग, आणि वर्षानुवर्षे साधे पाणी वापरलेल्या इंजिनात गंज आतून बाहेर खात येतो तो प्रथम यांच्यातूनच डोकावतो. दर्शनी बाजूचे बूच गेले तर ते ओघळावरून लगेच कळते, पण ब्लॉकच्या मागच्या तोंडाला, फ्लायव्हीलच्या आड, असेच एखादे बूच असते आणि ते गळू लागले की पाणी गिअरबॉक्सच्या घंटेसारख्या आवरणाच्या खालच्या छिद्रातून ठिबकते. ऑइल सील गेले असे समजून ती दुरुस्ती चुकीच्या दिशेने जाते, तेव्हा ठिबकणारा द्रव पाणी आहे की ऑइल हे पांढऱ्या कागदावर घेऊन पाहिलेले बरे. एक बूच गंजून फुटले असेल तर बाकीचीही त्याच वयाची असतात, म्हणून सगळी एकदम बदलतात. शक्य असल्यास पितळी बसवतात. बिडाच्या ओतकामात राहिलेली सूक्ष्म छिद्रे किंवा तडे यांवरही शहरात उपाय मिळतो: निकेलच्या रॉडने जपून केलेले बिडाचे वेल्डिंग, किंवा तड्याच्या रेषेवर एकात एक गुंतणाऱ्या पिनांची रांग ठोकून तडा थंडच शिवून घेणे.

हा गंज मुळात का चढतो, याचे उत्तर नळाच्या पाण्यात आहे. साध्या पाण्यात गंज रोखणारे काहीही नसते. त्यातले क्षार मात्र गरम भिंतींवर साठत जाऊन थर धरतात आणि हा थर उष्णता नीट वाहू देत नाही. नदीचे पाणी तुलनेने सौम्य, पण शिरोळ तालुक्यासारख्या क्षारपड जमिनीचा प्रश्न असलेल्या भागातील विंधन विहिरीचे पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्या काही वर्षांत आवळून टाकते. ‘इकडे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला’ हा प्रश्न नेहमी विचारला जातो आणि तो रास्तही आहे, कारण ग्लायकॉलची ख्याती गोठण्यापासून बचाव करणारे द्रव्य अशीच आहे: निम्मे पाणी आणि निम्मे ग्लायकॉल यांचे मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. शिवाय उष्णता वाहून नेण्यात शुद्ध पाणी या मिश्रणाला मागे टाकते, हेही खरे. तरीही कोल्हापुरात ते वापरायचे ते उकळबिंदू काही अंशांनी वाढतो म्हणून, आणि त्याहीपेक्षा त्यात मिसळलेली गंजरोधक द्रव्ये बीड, अ‍ॅल्युमिनियम, तांबे आणि पंपाचे सील या सगळ्यांना जपतात म्हणून. ही द्रव्ये कालांतराने संपतात. जुन्या पद्धतीच्या सिलिकेटयुक्त कूलंटची मुदत दोनेक वर्षे, सेंद्रिय आम्लांवर आधारलेल्या नव्या प्रकारांची पाचेक वर्षे धरतात. रंगावरून प्रकार ओळखण्याचा भरवसा नाही, कारण रंग हा उत्पादकाच्या मर्जीचा असतो आणि दोन भिन्न प्रकार मिसळले तर गाळ होऊ शकतो. डबा घट्ट द्रावाचा आहे की आधीच पाणी घातलेला, हे वाचून घ्यावे. घट्ट असेल तर त्यात बाजारात ‘बॅटरीचे पाणी’ म्हणून मिळणारे क्षाररहित पाणी मिसळावे, बॅटरीचे अ‍ॅसिड नव्हे.

आता आतल्या गळतीकडे वळता येते. ब्लॉक आणि हेड यांच्यामध्ये गॅस्केटचा पातळ पत्रा असतो आणि त्याला तीन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या ठेवाव्या लागतात: स्फोटाचा दाब, ऑइल आणि पाणी. अनेक गाड्यांत ब्लॉक बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचे असते. अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. ३०० मिलिमीटर लांबीचे हेड ८० अंशांनी तापले तर ते अर्ध्या मिलिमीटरहून थोडे अधिक वाढते आणि त्याखालचा बिडाचा ब्लॉक त्याच्या निम्माच, म्हणजे दर वेळी गाडी तापताना आणि निवताना गॅस्केटच्या दोन बाजू एकमेकींवर सुमारे पाव मिलिमीटर सरकतात. हे ते वर्षानुवर्षे सोसते. परंतु पाणी संपलेली गाडी एकदा तापमानाचा काटा लाल रेषेला टेकेपर्यंत चालवली की अ‍ॅल्युमिनियमचे हेड बोल्टांच्या जखडणीत फुगायला जागा न मिळाल्याने वाकते आणि थंड झाल्यावर सरळ होत नाही. बाहेरच्या किरकोळ गळतीचे पर्यवसान आतल्या गळतीत होते ते या मार्गाने. पन्नास रुपयांच्या क्लिपपायी हेड जाते, असे मिस्त्री म्हणतात ते अतिशयोक्त नाही.

गॅस्केट गेल्याच्या खुणा प्रसिद्ध आहेत, पण त्यांतली एकेक खूण सुटी घेतली तर फसवते. सायलेन्सरमधून निघणारा पांढरा धूर थंडीच्या सकाळी दोन-चार मिनिटे दिसला तर ती नुसती वाफ असते. इंजिन पूर्ण तापल्यावरही तो दाट आणि गोडसर वासाचा राहिला तर मात्र पाणी सिलिंडरमध्ये जळते आहे. ऑइलच्या झाकणाच्या आत दुधट लेप दिसला म्हणून घाबरण्याचे कारण नाही, कारण राजारामपुरीतून महाद्वार रोडपर्यंत एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीचे ऑइल कधीच पुरते तापत नाही आणि हवेतली आर्द्रता तेथे जमते. डिपस्टिकवरचे ऑइलच चहाच्या रंगाचे झाले असेल तर गोष्ट गंभीर. रात्रभर थंड झालेली गाडी सुरू केल्यावर मिनिटाभरातच वरचा होज पाइप कडक झाला तर त्यात वाफेचा दाब असणे शक्य नाही, सिलिंडरमधला वायूच पाण्यात घुसत असला पाहिजे. स्पार्क प्लग काढून पाहिले असता एक प्लग इतरांपेक्षा लख्ख धुतल्यासारखा दिसला तर पाणी त्याच सिलिंडरमध्ये जाते. या संशयावर शिक्कामोर्तब करणारी रासायनिक चाचणीही आहे: रेडिएटरच्या तोंडावरची हवा एका निळ्या द्रावणातून ओढतात, आणि तिच्यात ज्वलनातला कार्बन डायऑक्साइड असेल तर द्रावण हिरवट होऊन पिवळे पडते.

एवढे झाल्यावर हेड उतरवणे समर्थनीय ठरते. दुरुस्ती पुन्हा महिन्याभरात फसते तिचे कारण बहुधा नव्या गॅस्केटमध्ये नसून त्याच्या दोन्ही बाजूंच्या पृष्ठभागांत असते. हेडवर सरळ पट्टी आडवी, उभी आणि तिरपी धरून तिच्याखाली फीलर गेज सरकवून पाहतात. अनेक लहान इंजिनांत ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त फट चालत नाही, आणि तेवढी असली तर उद्यमनगरात हेड फेसिंगला द्यावे लागते. फेसिंगपूर्वी हेडची तोंडे बंद करून आत हवा भरून ते गरम पाण्यात बुडवून घेतले तर व्हॉल्व्हच्या सीटांमधले बारीक तडे बुडबुड्यांनी उघडे पडतात. ही पायरी गाळली तर फेसिंगची मजुरी वाया जाण्याचा धोका असतो. अ‍ॅल्युमिनियमच्या पृष्ठभागावर पॉलिश पेपर लावलेली चकती फिरवू नये, त्याने खड्डे पडतात. ब्लॉकमधली बोल्टांची भोके कोरडी करून घ्यावीत, कारण तळ बंद असलेल्या भोकात साचलेले पाणी किंवा ऑइल बोल्ट आवळताना दबून ब्लॉकला तडा पाडू शकते. बोल्ट मधून कडेकडे, दोन-तीन फेऱ्यांत, टॉर्क रेंचने आवळतात. ताणून बसवायचे बोल्ट असतील तर ते पुन्हा वापरत नाहीत.

रेडिएटर गळका निघाला तर निर्णय त्याच्या धातूवर अवलंबून असतो. तांब्या-पितळेच्या जुन्या रेडिएटरला रेडिएटरवाला डाग देऊन देतो, टाकी सोडवून आतल्या नळ्या सळईने साफ करतो, आणि असा रेडिएटर आणखी कित्येक वर्षे चालतो. अ‍ॅल्युमिनियमच्या गाभ्याला प्लॅस्टिकच्या टाक्या असलेला नवा प्रकार दुरुस्त करण्यापेक्षा बदलणेच परवडते. वाटेत नड पडली तर ट्रकचालक रेडिएटरमध्ये हळद टाकतात, आणि हळदीची मोठी बाजारपेठ शेजारच्या सांगलीत असल्यामुळे या भागात हा उपाय सर्वांच्या जिभेवर असतो. हळदीचे कण फुगून बारीक फटीत अडकतात हे खरे, आणि गाव गाठण्यापुरते ते उपयोगी पडते. पण तेच कण रेडिएटरच्या निरोगी नळ्यांतही अडकतात. बाजारातल्या गळतीरोधक पुड्यांचेही थोड्याफार फरकाने असेच आहे. हळद टाकलेली गाडी दुरुस्तीला आली की संपूर्ण वाट दोनदा-तीनदा धुऊन काढल्याशिवाय नवे कूलंट भरू नये.

गळती नसताना गाडी उकळून पाणी फेकते तेव्हा दोष थंड करण्याच्या यंत्रणेत असतो. थर्मोस्टॅट हा मेणाच्या गोळीवर चालणारा व्हॉल्व्ह साधारण ८२ अंशांना उघडू लागतो. तो बंद अवस्थेत अडकला तर पाणी रेडिएटरकडे जातच नाही. बरेच फिटर तो काढून फेकून देतात आणि काही दिवस गाडी खरोखरच थंड चालते. परंतु मग इंजिन योग्य तापमानाला पोहोचत नाही, पेट्रोल जास्त लागते, ऑइलमध्ये ओल साठते. आणि ज्या इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बगलेची वाटही बंद करतो तेथे तो काढल्याने गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून इंजिनातच फिरत राहते व घाटात उलट जास्त तापते. विजेवर चालणारा पंखा वेळेवर लागतो की नाही हे गाडी उभी करून, काटा वर जाईपर्यंत थांबून पाहता येते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पुराच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांचा वेगळा विचार करावा लागतो, कारण एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या बोटभर फटीत बसलेला गाळ वरून दिसत नाही. दोन्ही सुटे करून इंजिनाच्या बाजूकडून बाहेरच्या दिशेने, बेताच्या दाबाने धुतले तरच तो निघतो.

गगनबावड्याहून करूळ किंवा भुईबावडा घाट उतरणे सोपे, पण परतीची चढण खालच्या गिअरमध्ये, कमी वेगात आणि भरल्या गाडीने होत असल्याने समोरून येणारी हवा अपुरी पडते आणि समतल रस्त्यावर महिनाभर लपलेला दोष तेथे उघडा पडतो. काटा चढू लागला तर प्रथम एसी बंद करावा आणि हीटर असल्यास तो पूर्ण उघडावा, म्हणजे तेवढी उष्णता गाडीच्या आत का होईना निघून जाते. काटा लाल रेषेला टेकण्यापूर्वी कडेला थांबून, पाणी गेलेले नसेल तर, इंजिन लगेच बंद न करता मिनिटभर मंद चालू ठेवावे; एकदम बंद केले तर पंप थांबतो आणि हेडमध्ये साठलेली उष्णता तेथल्याच पाण्याला उकळवते. पाणी गेलेलेच असेल तर मात्र तत्काळ बंद करावे, आणि तापलेल्या इंजिनात ओढ्याचे थंड पाणी ओतू नये, कारण हेडला तडा जाण्याची ती हमखास रीत आहे.

दुरुस्तीनंतर कूलंट भरणे हेही कामच आहे. घाईने ओतले तर हेडच्या वरच्या भागात हवा अडकते, ‘एअर धरते’, आणि त्या बुडबुड्याशेजारचा धातू पाण्याविना तापतो; मापकाचा सेन्सरही हवेतच राहिल्याने काटा खोटे सांगू शकतो. म्हणून पुढची चाके किंचित चढावर घेऊन, हीटरचा नॉब उघडून, एअर काढण्याचा स्क्रू असल्यास तो ढिला करून, सावकाश भरत जायचे. इंजिन मंद चालू ठेवून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत आणि बुडबुडे थांबेपर्यंत पातळी पुरवत राहायचे, मगच झाकण लावायचे. काढलेले जुने कूलंट गटारात सोडले तर ते जयंती नाल्यावाटे पंचगंगेतच जाते. ते झाकणाच्या डब्यात भरून, मुले आणि जनावरे यांच्या हाती लागणार नाही असे ठेवून, जुने ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजकडे वेगळे द्यावे. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पातळी थोडी उतरलेली दिसली तर ती राहिलेली हवा निघाल्याची खूण असू शकते. आठवड्यानंतरही ती उतरतच असेल तर पुन्हा दाबाचा पंप लावायचा. ब्लॉकलाच तडा गेल्याचे निष्पन्न झाले तर एमएच-०९ च्या वीस वर्षांच्या मोटारीवर तो खर्च करायचा, की भंगारातून त्याच जातीचे चालते इंजिन आणून बसवायचे, हा हिशेब मालकाने घालावा. मात्र जुने इंजिन घेतानाही पैसे देण्यापूर्वी त्याची बुचे, डिपस्टिकवरचे ऑइल आणि ब्लॉकमधल्या पाण्याचा रंग पाहून घ्यावा.